ग्रेटा नदीवरील पूल

जॉन सेल कॉटमन याचे ‘ग्रेटा ब्रिज’ हे जलरंगचित्र आकाराने लहान आहे. रुंदी सुमारे ३३ सेंटिमीटर, उंची सुमारे २३ सेंटिमीटर. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमने ते १९०२ साली नॉरिच येथील जेम्स रीव्ह या संग्राहकाकडून इतर अनेक चित्रांसमवेत विकत घेतले. कागदावरील नाजूक रंग उजेडाने उडतात म्हणून अशी चित्रे कायमची भिंतीवर टांगीत नाहीत. बहुतेक काळ ती पेटीतच असतात. त्यामुळे हे चित्र छापील प्रतीवरून ओळखणारे पुष्कळ, परंतु प्रत्यक्ष पाहिलेले त्या मानाने थोडे.

चित्रात घटना अशी काही नाही. एकाच रुंद कमानीचा, फिकट रंगाचा दगडी पूल चित्राच्या मध्यभागी आडवा पसरलेला आहे. त्याच्या मागे एका बाजूस प्रवाशांच्या खाणावळीची इमारत दिसते. दोहों बाजूंना तपकिरी, हिरव्या आणि काळसर झाडांचे घट्ट पुंजके आहेत. पुढे संथ पाणी, त्यात कमानीचे प्रतिबिंब आणि पाण्यातून डोके वर काढलेले गोलसर खडक. वर निळे आकाश आणि मलईच्या रंगाचे, कापून चिकटवल्यासारखे ढग. पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ती शांतता. वारा थांबलेला आहे, पाणी थांबल्यासारखे आहे, आणि हे दृश्य केव्हातरी विसकटेल अशी शंकाही मनात येत नाही.

आता या चित्राचा काळ पाहू. कॉटमन ग्रेटाकाठी राहिला तो १८०५ सालच्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील युद्ध १७९३ साली सुरू झाले होते. मध्यंतरी १८०२ मध्ये आमियँचा तह होऊन सुमारे चौदा महिने शांतता लाभली. मे १८०३ मध्ये तीही संपली. त्यानंतर दोन वर्षे नेपोलियनची सेना खाडीपलीकडे बुलोन्य येथे तळ देऊन इंग्लंडवर उतरण्याची संधी शोधीत होती. हा तळ हलला तो ऑगस्ट १८०५ च्या अखेरीस, आणि ट्राफल्गारची लढाई झाली २१ ऑक्टोबर रोजी. म्हणजे शत्रू आज उतरतो की उद्या, अशा धास्तीत सारा देश असताना तेवीस वर्षांचा हा चित्रकार यॉर्कशरमधील एका लहानशा नदीच्या काठी बसून एक पूल न्याहाळीत होता. (मराठी वाचकास त्या काळाची आणखी एक खूण सांगता येईल. याच इंग्रजांशी शिंदे व भोसले यांची असईची लढाई झाली ती २३ सप्टेंबर १८०३ रोजी, म्हणजे कॉटमनच्या पहिल्या यॉर्कशर-प्रवासाच्या वर्षी.)

चित्रात या युद्धाचा मागमूस नाही. तरीही हे युद्धकाळाचेच चित्र आहे असे म्हणावयास सबळ कारणे आहेत. युद्ध नसते तर कॉटमन त्या पुलापाशी बसला असता की नाही, याचीच मुळात शंका आहे.

अठराव्या शतकातील सुखवस्तू इंग्रज तरुणाचे शिक्षण इटलीच्या यात्रेवाचून पुरे होत नसे. त्याच्यापाठोपाठ चित्रकारही आल्प्स ओलांडीत. फ्रान्सिस टाउन आणि जॉन रॉबर्ट कझन्स यांची उत्तम जलरंगचित्रे रोम, नेपल्स आणि स्वित्झर्लंड येथील आहेत. युद्धाने हा मार्ग बंद केला. १८०२ मध्ये तह होताच टर्नर स्वित्झर्लंडकडे धावला, तो नेमका हीच उणीव भरून काढण्यासाठी. पुढच्या वर्षी युद्ध पुन्हा पेटले तेव्हा फ्रान्समध्ये असलेल्या अठरा ते साठ वर्षे वयाच्या ब्रिटिश पुरुषांना नेपोलियनने अटकेत ठेवण्याचा हुकूम काढला. त्यांपैकी अनेकांना घरी परतावयास १८१४ साल उजाडले. अशा स्थितीत चित्रकारांना स्वदेशाची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. वेल्सचे डोंगर, वाय नदीचे खोरे, सरोवरांचा प्रदेश आणि यॉर्कशरमधील पडके मठ यांचे महत्त्व एकाएकी वाढले. या प्रदेशांची आवड पूर्वी नव्हती असे नाही. वाय नदीच्या प्रवासाचे विल्यम गिल्पिनचे पुस्तक १७८२ सालीच निघाले होते. पण आवड असणे वेगळे आणि दुसरा पर्यायच न उरणे वेगळे.

जलरंगाचे आणि युद्धाचे नाते याहूनही जुने आहे, आणि त्यात पुलांना विशेष स्थान आहे. छायाचित्रण नव्हते त्या काळी सैन्याला प्रदेशाची माहिती मिळे ती नकाशांवरून आणि रेखाटनांवरून. नदीला उतार कोठे आहे, काठ किती उंच आहे, पुलावरून तोफ जाईल काय, या प्रश्नांची उत्तरे लष्करी रेखाटनकार शाईची रेघ आणि वर रंगाचा पातळ हात देऊन कागदावर उतरवीत. इंग्रजी जलरंगाचा जनक म्हणून ज्याचा उल्लेख केला जातो, तो पॉल सँडबी हा मूळचा असाच रेखाटनकार. १७४५ चे बंड मोडल्यानंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाची जी लष्करी मोजणी झाली तीत त्याने काम केले आणि पुढे १७६८ पासून जवळजवळ तीस वर्षे वुलिच येथील लष्करी विद्यालयात भावी अधिकाऱ्यांना चित्रकला शिकवली. नदीकाठी कागद घेऊन बसलेल्या माणसाकडे लोक संशयाने पाहत, ते काही उगीच नव्हे. होगार्थला तर १७४८ मध्ये कॅलेचा दरवाजा रेखाटताना हेर समजून पकडण्यात आले होते.

कॉटमनच्या पिढीने ही माहिती देणारी कला बदलून टाकली. कॉटमनचा जन्म १७८२ सालचा, नॉरिचचा. बाप आधी न्हावी होता, पुढे त्याने किनारी-झालरींचे दुकान घातले. सोळाव्या वर्षी मुलगा लंडनला आला आणि रुडॉल्फ अकरमन या प्रकाशकाकडे छापील चित्रे रंगवण्याची मजुरी करू लागला. पुढे त्याचा प्रवेश डॉक्टर टॉमस मन्रो याच्या घरी झाला. हा मनोविकारांचा वैद्य होता आणि कझन्सला वेड लागल्यानंतर त्याची देखभालही त्याच्याकडेच होती. संध्याकाळी तरुण चित्रकारांना तो आपल्या घरी बोलावी आणि कझन्सची रेखाटने नकलण्यास देई. टर्नर आणि गर्टिन यांनी याच घरी मेणबत्तीच्या उजेडात न पाहिलेल्या इटलीची चित्रे काढली होती. कॉटमन तेथे पोहोचला तेव्हा ते दोघे नावारूपास आले होते. गर्टिन १८०२ च्या नोव्हेंबरात सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. परंतु रंगाचे रुंद, शांत पट्टे टाकण्याची त्याची रीत कॉटमनने आत्मसात केली होती.

१८०३ पासून सलग तीन उन्हाळे कॉटमन यॉर्कशरला गेला. ब्रँड्सबी येथील चोमली कुटुंबाने त्याला घरच्यासारखे वागवले आणि घरातील मुलींना तो चित्रकला शिकवीत असे. चोमलींच्याच ओळखीने १८०५ मध्ये तो रोकबी येथील जॉन मॉरिट याच्याकडे पाहुणा म्हणून गेला. मॉरिट हा विद्वान जमीनदार. तरुणपणी युद्धाच्या धामधुमीतही पूर्वेकडून वाट काढून तो ट्रॉयच्या मैदानापर्यंत जाऊन आला होता. वॉल्टर स्कॉटशी त्याची मैत्री होती आणि स्कॉटने ‘रोकबी’ हे काव्य १८१३ मध्ये त्यालाच अर्पण केले. वेलास्केथची जी व्हीनस आज ‘रोकबी व्हीनस’ म्हणून ओळखली जाते, तीही युद्धात होरपळणाऱ्या स्पेनमधून निघून त्याच सुमारास याच घरात आली. युद्धाने माणसांच्या वाटा अडवल्या आणि चित्रांना मात्र पाय फुटले.

यजमान गावाला गेल्यावर कॉटमनने वाडा सोडला आणि काही दिवस पुलाजवळच्या खाणावळीत मुक्काम केला. रोकबीच्या परिसरातील झाडी, खडक आणि पाणी यांची त्याने याच सुमारास केलेली चित्रे त्याच्या साऱ्या आयुष्यातील श्रेष्ठ कृती मानली जातात. ‘ग्रेटा ब्रिज’ हे त्यांतीलच एक. ते जागेवर बसून रंगवले की रेखाटन करून नंतर खोलीत पूर्ण केले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मला स्वतःला हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही; कारण चित्रातील निर्णय इतके विचारपूर्वक घेतलेले आहेत की, ते काठावर घेतले काय किंवा टेबलापाशी घेतले काय, त्यांचे मोल तेवढेच राहते.

पुलाविषयी थोडे सांगावयास हवे. कॉटमनने पाहिला तेव्हा तो पूल जुना नव्हता. यॉर्कचा वास्तुशिल्पी जॉन कार याच्या आराखड्यावरून १७७३ मध्ये तो बांधला गेला आणि त्यासाठी पुढाकार घेतला तो मॉरिटच्या वडिलांनी. पण नदी ओलांडण्याची ती जागा फार प्राचीन आहे. पेनाइन डोंगररांग ओलांडून पश्चिमेकडे जाणारा रोमन सैन्याचा रस्ता येथूनच जात असे, आणि रोमन किल्ल्याचे मातीचे तट पुलाजवळ अजून ओळखू येतात. म्हणजे या जागी पहिली वाट पाडली ती सैन्यानेच. कॉटमनच्या काळी तोच रस्ता घोडागाड्यांचा झाला होता, आणि चित्रातील खाणावळ उभी होती ती त्या गाड्यांतील प्रवाशांसाठी. १८३८ च्या आरंभी यॉर्कशरमधील निवासी शाळांचे भीषण हाल पाहण्यास निघालेला चार्ल्स डिकन्सही ग्रेटा ब्रिज येथे उतरला होता.

आता रंगकामाकडे वळू, कारण या चित्राचे खरे मर्म तेथे आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरीत नाहीत. कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. तेव्हा जेथे उजेड हवा ती जागा आधी ठरवून कोरी सोडावी लागते. तैलरंगात काळोखावर उजेड चढवता येतो, चूक झाली तर खरडून पुन्हा रंगवता येते. जलरंगात गेलेला उजेड परत येत नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या परंपरेतील जलरंगकारांना काम करताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे निराळे सांगण्याची गरज नाही. कुंचला भरून घेण्यापूर्वी चित्रकार बराच वेळ नुसता कोऱ्या कागदाकडे पाहत बसलेला असतो.

चित्रकारांच्या भाषेत ‘वॉश’ म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा एकसंध हात. कॉटमनच्या समकालीनांपैकी बहुतेक जण एका वॉशची कड दुसऱ्यात विरघळू देत. त्यामुळे धुके, अंतर, हवेतील दमटपणा यांचा भास होतो. कॉटमनने नेमके उलट केले. प्रत्येक वॉश त्याने कडेपर्यंत नेऊन थांबवला, वाळू दिला आणि मग त्याला खेटून दुसरा टाकला. झाडाचा पुंजका म्हणजे पानांचा गुंता नव्हे, तर स्पष्ट कडा असलेला रंगाचा एक तुकडा. ढग हा दुसरा तुकडा, पुलाची भिंत हा तिसरा. हे तुकडे एकमेकांत असे बसवले आहेत की, एक काढला तर शेजारचे ढासळतील. दगडी कमान उभी असते ती याच तत्त्वावर. प्रत्येक घडीव दगड शेजारच्या दगडावर रेलतो आणि सारा भार दोन्ही काठांवर उतरतो. कॉटमनने पुलाचे चित्र पुलासारखेच बांधले आहे असे म्हटले तर ती अलंकारिक भाषा ठरू नये.

छाया देतानाही त्याने हीच काटकसर केली. पुलाच्या उजळ अंगाला रंगाचा अगदी फिकट हात आहे, कमानीच्या पोटाला त्याहून गडद, आणि पाण्यातील प्रतिबिंबात तेच रंग किंचित मंदावलेले. एवढ्यावर दगडाचे वजन, कमानीची जाडी आणि पाण्याची स्थिरता या तिन्ही गोष्टी सिद्ध होतात. विसाव्या शतकातील अनेक रसिकांना येथे जपानी ठशांची आठवण झाली. ते ठसे कॉटमनने पाहिले असण्याचा संभव जवळजवळ नाही. युरोपात त्यांचा प्रसार झाला तो त्याच्या मृत्यूनंतर. तो या रीतीपर्यंत आपला आपण पोहोचला.

सामग्रीबद्दल एक गोष्ट भारतीय वाचकांसाठी नोंदवण्याजोगी आहे. त्या पिढीतील जलरंगकारांच्या पेटीत नीळ हा नेहमीचा रंग असे, आणि इंग्लंडला नीळ पुरवणारा मुख्य प्रदेश तेव्हा बंगाल हा होता. सँ दोमिंग या फ्रेंच वसाहतीत १७९१ मध्ये गुलामांनी बंड केले, तेथील निळीची लागवड बुडाली आणि बंगालचा व्यापार फोफावला. ही नीळ उजेडाने उडते. त्या काळच्या अनेक चित्रांतील आकाशे आज तांबूस दिसतात. ती संध्याकाळची आकाशे नव्हेत, निळीवाचून उरलेली आकाशे होत.

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. देशावर संकट असताना शांत नदीचे चित्र काढणे ही वास्तवापासून पळवाट नव्हे काय? आक्षेप हलका नाही. कॉटमनने सैनिक रंगवले नाहीत, ते त्याला जमले नसते म्हणून, असेही कोणी म्हणेल. परंतु जे चित्र आपल्यापुढे आहे त्यात ढिलाई कोठेही नाही. पळणारा मनुष्य सोप्या गोडव्याकडे जातो, मावळतीचे रंग आणि गुराख्यांची मुले यांच्याकडे. येथे असा गोडवा नाही, उलट एक प्रकारची कठोरता आहे. जे डोळ्यांसमोर होते त्यातील प्रत्येक वस्तूची जागा निश्चित करण्याचा हट्ट आहे. ज्या उन्हाळ्यात काहीच निश्चित नव्हते त्या उन्हाळ्यात हा हट्ट धरला गेला, एवढेच आपण खात्रीने म्हणू शकतो. युद्धाचा विचार कॉटमनच्या मनात होता असे सिद्ध करता येणार नाही आणि ते सिद्ध करण्याची आवश्यकताही नाही.

या कठोरतेची किंमत त्याला मोजावी लागली. जलरंगकारांची स्वतंत्र संस्था १८०४ च्या अखेरीस स्थापन झाली होती. तिच्या १८०५ मधील पहिल्या प्रदर्शनास सुमारे १२,००० लोकांनी पैसे देऊन हजेरी लावली. परदेशी जाता येत नव्हते आणि घरच्या भिंतींवर स्वदेशातील दृश्ये हवी होती. बाजार असा तेजीत होता. पण या बाजाराला हवी होती ती हवेशीर, मृदू चित्रे. १८०६ मध्ये कॉटमनला त्या संस्थेचे सभासदत्व मिळाले नाही आणि तो नॉरिचला परतला. तेथे त्याने आपल्या चित्रांचे वाचनालय काढले; वर्गणीदारांनी चित्र घरी न्यावे, नक्कल करावी आणि परत आणून द्यावे. १८१० मध्ये त्याने याच पुलाचे आणखी एक, मोठ्या आकाराचे चित्र केले. ते आज नॉरिचच्या किल्ल्यातील संग्रहालयात आहे. तेही सुंदर आहे. परंतु पहिल्यातील टणकपणा त्यात मला सापडत नाही. पुढील आयुष्य त्याने शिकवण्यात, पुराणवस्तूंची कोरीवचित्रे काढण्यात आणि वारंवार येणाऱ्या खिन्नतेशी झगडण्यात घालवले. १८३४ पासून तो लंडनच्या किंग्ज कॉलेजात चित्रकलेचा प्राध्यापक होता. दान्ते गॅब्रिएल रोझेटी हा त्याच्या विद्यार्थ्यांपैकी एक. १८४२ मध्ये तो वारला. त्यानंतर त्याच्या चित्रांचा लिलाव झाला तेव्हा ती मातीमोलाने गेली.

ती पुन्हा उजेडात येण्यास साठ वर्षे लागली. त्यानंतर आणखी एका युद्धात त्याच्या परंपरेला बोलावणे आले. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे बाहेरगावी सुरक्षित जागी हलवण्यात आली. रोकबीची व्हीनस १९०६ पासून तेथेच होती. एका युद्धाच्या काळात ती ग्रेटाकाठी आली होती, दुसऱ्याने तिला लंडनबाहेर घालवले. गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांनी त्याच वेळी एक योजना मांडली. बाँबखाली किंवा बांधकामात नाहीशी होण्याचा संभव असलेली गावे, चर्चे, गिरण्या आणि पूल चित्रकारांकडून कागदावर उतरवून घ्यावेत, म्हणजे स्थळांची नोंद होईल आणि बेकार चित्रकारांना कामही मिळेल. पिलग्रिम ट्रस्टने पैसा दिला. ९७ चित्रकारांची १,५०० हून अधिक चित्रे जमली, आणि त्यांतील काही नॅशनल गॅलरीच्या त्या रिकाम्या भिंतींवर युद्ध चालू असतानाच लागली. १९४९ मध्ये हा ‘रेकॉर्डिंग ब्रिटन’ संग्रह व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमकडे गेला. कॅमेरा हाताशी असताना क्लार्क यांनी मुद्दाम जलरंग निवडला, याचे कारण सँडबी, गर्टिन आणि कॉटमन यांनी घालून दिलेली परंपराच होय.

मात्र धोका नेहमी अपेक्षित दिशेनेच येतो असे नाही. या योजनेखाली केनेथ राउनट्री याने १९४० मध्ये डर्बिशरमधील अ‍ॅशॉप्टन गावचे जुने जकातघर रंगवले. ते गाव आणि शेजारचे डर्वेंट नष्ट झाले ते बाँबने नव्हे, लेडीबोअर धरणाच्या पाण्याने. औद्योगिक शहरांना पाणी हवे होते. डर्वेंट गावात सतराव्या शतकातील, ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला एक दगडी पूल होता. तो पाण्याखाली जाण्यापूर्वी दगड दगड सुटा करून जपून ठेवण्यात आला आणि १९५९ मध्ये त्याच नदीवर, धरणांच्या वरच्या अंगाला पुन्हा उभारण्यात आला. दगड तेच आहेत आणि नदीही तीच. मात्र ज्या काठांवर तो भार टाकीत असे ते काठ पाण्याखाली आहेत.

ग्रेटावरील पूल आपल्या जागी शाबूत आहे. मोठ्या रस्त्याची रहदारी आता बाहेरून जाते; पुलावरून जाते ती गावापुरती वाहतूक. १९७४ मध्ये परगण्यांच्या सीमा बदलल्या तेव्हा ही जागा यॉर्कशरमधून डरमकडे गेली. चित्राच्या जुन्या नावात मात्र यॉर्कशरच राहिले आहे.